पाहुण्यांचे पिंप

आमच्या विहारात शिरताना उजव्या हाताला पाण्याचे स्टीलचे पिंप आहे. त्याच्या पोटावर आठ अक्षरे कोरलेली आहेत. नवा माणूस ती पाहतो, भांडेवाल्याने काहीतरी गिचमीड केली असे समजतो आणि पाणी पिऊन आत जातो. ती गिचमीड नाही, धम्मलिपी आहे. ती तिथे कशी आली ते सांगते.

२००४ सालच्या डिसेंबरात जर्मनीहून तीन विद्यार्थी जुन्नरला आले. त्यांच्या विद्यापीठाचा पुण्यातल्या एका संस्थेशी करार होता. तीन महिने इथे राहून अभ्यास करायचा आणि परत जायचे. आमच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. दोन मुली, एक मुलगा. त्यांची नावे आईच्या जिभेवर काही बसेनात, म्हणून तिने आपलीच ठेवली. थोरली, धाकटी आणि लांब्या. तिघेही त्या नावांना ओ देऊ लागले.

जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशा डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव कामे आहेत. लोक लेण्याद्रीला जातात, सातव्या लेण्यातल्या गणपतीला हात जोडतात आणि पायऱ्या उतरतात. ते सातवे लेणे म्हणजे मूळचा भिक्खूंचा विहार, दोन्ही अंगांना त्यांच्या राहण्याच्या खोल्या आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. शेजारी सहाव्या लेण्यात स्तूप उभा आहे, तिथे तर कोणी डोकावतही नाही. या तिघांचा अभ्यास मात्र ना गणपतीचा, ना स्तूपाचा. ते पाण्याची टाकी मोजत होते. लांबी किती, खोली किती, डोंगरातून पाणी कोणत्या चरीने येते, गाळ कुठे बसतो. आळीत चर्चा व्हायची, "विमानानं येऊन टाकी मोजतात! यांच्याकडं पाणी नाही काय?"

माझे वडील मात्र पहिल्या दिवसापासून थोडे सावध होते. पूर्वीही अभ्यासक येऊन गेले होते. वस्तीत बसले, चहा घेतला, गाणी टेप केली, फोटो काढले. पुढे त्यांचे पुस्तक झाले की नाही, तेसुद्धा आम्हाला कळले नाही. सगळेच तसे नसतात, हे वडीलही जाणून होते. एलिनॉर झेलियट बाईंनी बाबासाहेबांच्या चळवळीवर १९६९ साली पीएच.डी. केली आणि पुढे जन्मभर इथल्या माणसांशी नाते ठेवले. गेल ऑम्व्हेट तर संशोधनाला आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. पण घरी येणारा प्रत्येक पाहुणा तसा निघेलच असे नाही, असे त्यांचे म्हणणे. मी तेव्हा बारावीला होते. मला त्यांचे बोलणे कडू वाटायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचे मोजमाप संपले. जायला पाच दिवस उरले होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की तीन महिन्यांत टाक्यांखेरीज काहीच पाहिले नाही. मग धावपळ सुरू झाली. पहिल्या दिवशी नाणेघाट. तिथे जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण, आणि गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. धाकटीने त्यातले आकडे मला बोटाने दाखवले. ऊन फार होते, आम्ही लवकर परतलो.

दुसऱ्या दिवशी घोडेगावमार्गे भीमाशंकर. वाटेत डिंभे धरणाचा जलाशय लागतो. एस.टी.च्या खिडकीतून आई म्हणाली, "ह्या पाण्याखाली आंबेगाव आहे." थोरलीला वाटले आपले मराठी चुकते आहे. "आंबेगाव तर तालुका ना?" तालुका आहेच, पण ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ गाव धरणात गेले. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला. पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या रानांना जाते आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते आदिवासी काठावर राहतात. भीमाशंकरच्या देवळापेक्षा त्या तिघांनी या पाण्याबद्दलच जास्त विचारले. वहीत कितीतरी लिहिले. भीमाशंकरला माकडाने लांब्याचे केळे पळवले, त्याची नोंद मात्र कोणी केली नाही.

तिसऱ्या दिवशी शिवनेरी. आई आमच्याबरोबर गड चढली. सातही दरवाजे पार करताना कितीदा तरी बसली, पण चढली. वर गंगा-जमुना टाक्यांपाशी आम्ही शिदोरी सोडली. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कांदा. त्या टाक्यांचे पाणी बारमाही गार. तिथे थोरलीने वही काढली आणि जुन्नरच्या लेण्यांतला एक छोटा लेख वाचून दाखवला. इरिल नावाचा कोणी यवन होता. त्याने दान दिले. "बे पोढियो". पोढी म्हणजे पाण्याचे टाके.

"आणि बे?" आईने विचारले.

"दोन."

आई हसायलाच लागली. "बे एके बे! अगं, हे तर आम्ही शाळेत घोकलेलं!"

मग तिने विचारले, यवन म्हणजे कोण? आपल्याकडे हा शब्द पुढे भलत्याच अर्थाने वापरला गेला, पण त्या काळी ग्रीक आणि पश्चिमेकडून आलेले लोक यवन म्हणवत. दुसऱ्या एका यवनाने, चिट त्याचे नाव, भिक्खुसंघाला जेवणाचा मंडप दिला होता. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

आई बराच वेळ टाक्याकडे बघत बसली. मग तिने जे सांगितले ते मी तोपर्यंत कधी ऐकले नव्हते. तिचे माहेर आंबेगाव तालुक्यातले. सात-आठ वर्षांची असताना हंडा घेऊन ती गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची. आधी येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हाक मारायची. एखादी बाई वरून पाणी ओतायची, एखादी ऐकलेच नाही असे करायची. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते १९२७ साल. आई उभी राहायची ते १९६० च्या आसपासचे. "एकदा दुपारपर्यंत उभी होते," ती म्हणाली. "रिकामी घरी गेले तर आईनं मलाच मारलं."

धाकटीने हे थोरलीला तिच्या भाषेत सांगितले. कोणी वही उघडली नाही. थोड्या वेळाने आईनेच विचारले, "तो इरिल मग आपल्या गावाला परत गेला का?"

"ते लिहिलेलं नाही," थोरली म्हणाली.

उतरताना तिघांचे आपापसात काही चालले होते. संध्याकाळी ते वडिलांपुढे येऊन बसले. आम्हाला तुमच्यासाठी काहीतरी ठेवून जायचे आहे, काय घेऊ? वडील काही बोलायच्या आत आई म्हणाली, "घरात नको. विहारात पाणी प्यायला मडकं आहे, ते दरवर्षी फुटतं. पिंप द्या."

चौथा दिवस पिंपात गेला. बाजारपेठेतल्या दुकानात तोटीचे पिंप मिळाले. नाव घालायचे का, असे दुकानदाराने रीतीप्रमाणे विचारले. आई म्हणाली, तिघांची नावे घाला. त्यांना ते नको होते. थोरलीने कागदावर अक्षरे काढून दिली, "यवनान देयधम", यवनांचे दान. नाव घालणारा वैतागला. ही कुठली लिपी, चुकली तर मी जबाबदार नाही. अक्षरामागे दर ठरलेला होता, त्याने आठाचे पैसे आधी मोजून घेतले. 'ध' उलटा पडलाच. थोरली म्हणाली, जुन्या लेखांतही 'ध' असा दोन्हीकडे तोंड करून सापडतो, असू दे.

त्या रात्री विहारात सर्वांनी त्रिसरण-पंचशील घेतले. पाहुण्यांनीही पाली शब्द जमेल तसे म्हटले. मुलांनी त्यांना घेरून अक्षरे विचारली. खडूने फरशीवर पाच-सहा झाली आणि वीज गेली. शिकवणे तेवढेच झाले.

पहाटे एस.टी. स्टँडवर सामानावरून गोंधळ झाला. वह्यांची पिशवी लांब्या टपावर टाकायला निघाला. वडील पुढे झाले आणि ती त्याच्या हातातून घेतली. "बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परत आले," ते म्हणाले, "तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं येत होती. लढाईचे दिवस. बोट बुडवली, सगळी पुस्तकं समुद्रात. ही पिशवी मांडीवर ठेव, झोपायचं नाही." लांब्याने पिशवी मांडीवर घेतली. मग वडील हळूच म्हणाले, "लिहिलंस की आम्हाला पाठव." आईने दोघी मुलींच्या ओटीत शेंगदाण्याचे लाडू घातले. धाकटी रडत होती. आई नाही रडली, गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली.

वर्षभराने टपालाने जाड पाकीट आले. आत त्यांचा प्रबंध, सगळा जर्मन भाषेत. एकही ओळ आम्हाला कळली नाही. पण टाक्यांची चित्रे होती, सुरेख, आणि शेवटी मराठीत हाताने लिहिलेली चार पाने, कोणत्या डोंगरात किती टाकी, कोणाचे दान. वडिलांनी ती पाने प्लॅस्टिकमध्ये घालून विहाराच्या कपाटात ठेवली. ते जाऊन आता सहा वर्षे झाली.

गेल्या वर्षी वर्षावासाआधी विहाराला रंग दिला. पिंप बाहेर काढले, घासले. कमिटीतला एक तरुण म्हणाला, ही अक्षरे कोणाला वाचता येत नाहीत, पॉलिश मारून घेऊ आणि विहाराचे नाव घालू. आई पायरीवर बसली होती.

"ते राहू दे," ती म्हणाली. "तोटी गळते, ती तेवढी बदल."