दहा ते दोनच्या मध्ये

बाबांची कार माझ्याकडे आली आणि मी हौसेने नवा एक्झॉस्ट बसवून घेतला. वेल्डरने ऑक्सिजन सेन्सर चक्क पाइपच्या पोटाला लावला. दिसायला एकदम सही! पण इंजिन थंड असताना पाइपात पाणी साचतं. ते तापलेल्या सेन्सरला लागलं आणि आतलं सिरॅमिक तडकलं. चेक इंजिनचा दिवा, अ‍ॅव्हरेजची वाट, आणि एका कव्हर स्टोरीचं मानधन स्वाहा.

‘‘मॅडम, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये बसवायचा, टोक खाली झुकलेलं,’’ दुसऱ्या गॅरेजचे काका म्हणाले. हा पुढचा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच हवा; मागचा मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. त्याच्या आधी पाइप गळका असेल, तर बाहेरची हवा आत शिरून सेन्सर फसतो.

रविवारी बाबा येतायत. म्हणे, ‘‘गाडी मीच चालवणार.’’