भिंतीवरचा रतीब

मी लिहिलेल्या तुकड्याच्या समासात मॅडमनी शेरा मारला होता : ‘छान. पण ‘झोंबी’ची सावली फार पडलीय. यात तुमचं स्वतःचं काय?’ तुकडा आमच्या गोठ्याविषयीचा. गोठा आमचा, म्हैस आमची, शेण मी माझ्या हातानं काढलेलं. आणि सावली मात्र आनंद यादवांची.

कागलच्या माणसानं आत्मकथन शिकायला जावं का, हाच प्रश्न आहे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर भाचीनं मोबाइलवर हा ऑनलाइन वर्ग लावून दिला. ‘आत्या, नुसत्या सांगत असतेस, आता लिही तरी.’ पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. डोंबिवली, नाशिक, न्यू जर्सी. मी म्हटलं, कागल. त्यावर स्क्रीनवरच्या चौकोनांमधून एकदम आनंद उसळला. ‘अय्या, ‘झोंबी’चं कागल!’ इंदूरच्या एक बाई तर म्हणाल्या, त्यांच्या मुलाला बारावीच्या हिंदीच्या ‘वितान’ पुस्तकात ‘जूझ’ नावाचा धडा होता. मळ्यात राबणारं पोर म्हशीच्या पाठीवर काटकीनं कविता लिहितं, तो. ‘ताई, तुमच्याकडे अजून लिहितात का हो असं?’ आता हायवेला लागून पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे, म्हशी बांधायला जागा नाही आणि कविता व्हॉट्सॲपवर येतात, हे सांगून त्यांचा विरस कशाला करायचा? मी नुसती हसले.

पण तेव्हापासून एक कळलं. माझ्याकडून या मंडळींना दारिद्र्य हवं होतं. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी आपल्या पहिल्या मोटारीवर लिहिलं, ते चाललं. मी टायपिंगच्या क्लासवर लिहिलं, तर ‘थोडं मातीतलं येऊ द्या की’ असा आग्रह. आणि माती आणली, की सावली पडते! याचा राग मी अजून सोडलेला नाही.

‘झोंबी’ 1987 साली आली तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि रात्री जेवणं झाल्यावर घरात मोठ्यानं वाचायला घेतलं. आमच्या घरात तोवर पोथीखेरीज काही मोठ्यानं वाचलं गेलं नव्हतं. पु. लं.ची प्रस्तावना मी गाळली, अण्णांना पु. ल. कोण ते सांगत बसावं लागलं असतं. अण्णा म्हणजे माझे वडील. यादव 1935 चे, अण्णाही थोडेफार त्याच वयाचे. पुस्तकातल्या विहिरी, मळे, सरकारवाडा सगळं त्यांच्या पायाखालचं. ते मान डोलावत ऐकायचे, मध्येच ‘बरुबर हाय’ म्हणायचे. मग तो भाग आला. बाप पोराला शाळेतून काढतो आणि मळ्यात जुंपतो. अण्णांनी माझ्या थोरल्या भावाला सातवीतून काढलं होतं. मी वाचताना अडखळले नाही, आवाजही बदलला नाही. अण्णा थोडा वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, ‘आन् त्येच्या बापानं लिवलं आसतं, तर?’

पुढं रोज रात्री ते गोठ्यात काहीतरी काम काढत. पुस्तक मी एकटीनंच संपवलं. 1990 साली त्याला साहित्य अकादमी मिळाली तेव्हा गावाला केवढा अभिमान! अण्णांनाही होता. पण त्यांचा प्रश्न काही हलला नाही. मॅडमना तो विचारला, तर त्या म्हणाल्या, ‘फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात,’ आणि पुढच्या स्लाइडकडे वळल्या.

स्लाइडवर बहिणाबाईंचे आत्मनिवेदनाचे अभंग होते, ‘स्मृतिचित्रे’, ‘बलुतं’, ‘उपरा’. रमाबाई रानड्यांचं 1910 चं पुस्तकही होतं. नावात ‘आमच्या आयुष्यातील’ आणि आत जास्त करून नवऱ्याच्या आठवणी. ते मी पूर्वी वाचलं होतं आणि तेव्हाही बाईंचं स्वतःचं काय, असं वाटलं होतं. म्हणजे मॅडमचा शेरा मी न्यायमूर्तींच्या पत्नीवर आधीच मारून ठेवलेला! बेबी कांबळे फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून लिहायच्या आणि वह्या नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून लपवून ठेवायच्या, वीस वर्षं. मग 1986 साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं. हे ऐकताना बाकीचे हळहळले. मला मात्र आमच्या गोठ्याची भिंत आठवली.

या भिंतीपाशी माझं सगळं अडून बसतं. तिच्यावरच लिहावं म्हणून बसते आणि दुसरंच लिहून उठते.

आई दुधाचे रतीब घालायची. हिशेब गोठ्याच्या भिंतीवर, कोळशानं. लिटरला उभी रेघ, निम्म्याला टिंब, खाडा झाला की आडवा फराटा. कुणाची रेघ ते कळायला वर खुणा : डॉक्टरांसाठी सुई, मास्तरांसाठी टोपी, मामलेदार कचेरीतल्या क्लार्कसाठी चष्मा. महिनाअखेरीला ती भिंतीपुढं उभी राहून पुटपुटायची आणि बेरीज तोंडावर सांगायची. मी कागदावर ताळा करून पाहायची. तिचंच बरोबर निघायचं.

मध्येच एक आठवलं ते सांगते. कागलकर घाटग्यांच्या घरातले यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, ते शाहू महाराज. त्यांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. महाराजांच्या जन्मघराण्याच्या या जहागिरीतल्याच एका खेड्यात, त्यानंतर पंचवीस वर्षांनी माझी आई जन्मली. तिनं शाळेची पायरी पाहिली नाही. माझ्या आज्याकडून तो रुपया कुणी वसूल केला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आईला वाटत नाही. ‘रुपाया कुटनं आनला आस्ता?’ म्हणते.

तर नव्वदच्या सुमारास साक्षरतेचे वर्ग निघाले. रात्री शाळेच्या ओट्यावर पन्नाशीच्या बायका पाट्या घेऊन बसत. शिकवायला कॉलेजची पोरं. घरच्या पुरुषांनी चेष्टा केली, पोरांनी केली, मीही केली. आई धारा काढून, भाकरी थापून, हात धुऊन जायची. पहिल्यांदा सगळ्या बाया आपलं नाव लिहायच्या. आईनं गोठ्यात येऊन पहिलं नाव लिहिलं ते ज्याच्याकडं सगळ्यात जास्त थकबाकी होती त्याचं. ठसठशीत. मग एकेक खूण पुसून ती तिथं नावं लिहीत गेली. टोपी गेली, चष्मा गेला. वेलांटी हमखास उलटी, पण नाव कळायचं. ज्याचं त्यालाही कळायचं. क्लार्कसाहेब एकदा दूध घ्यायला स्वतः आले, भिंतीवर आपलं नाव आणि पुढं रेघांचं रान पाहिलं आणि संध्याकाळच्या आत पैसे पोचते केले.

दिवाळीला अण्णांनी गोठ्यासकट घराला चुना मारला. आई माहेराला गेली होती. परत आली, पांढऱ्या भिंतीकडं पाहिलं, काही बोलली नाही. चुलीतला कोळसा घेतला आणि सगळा हिशेब आठवणीतून परत लिहून काढला. मी शेजारी उभी राहून नावं मोजत होते. एक नाव कमी होतं. मागच्या गल्लीतली बाई, तीन लहान पोरं, दूध बरेच महिने बिनपैशाचं जात होतं.

‘आई, ती ऱ्हायली की.’

‘फिटलं तिचं.’

फिटलं नव्हतं, मला माहीत होतं. पैसे मीच मोजून डब्यात ठेवत असे.

मॅडम म्हणतात, प्रत्येक आत्मकथनाला एक वळण लागतं. त्या क्षणापासून आयुष्य दुसरीकडं वळलं, असा क्षण शोधा. मी शोधला. आईच्या आयुष्यात वळण नाही. पहाटे चारला उठणं आहे, वैरण आहे, धारा आहेत. कोळसा हातात घेऊन ती एका नावापाशी क्षणभर थांबली असेल, की थांबलीच नसेल? तेवढंच मला कळून घ्यायचं आहे. त्यावर पाचशे शब्द होत नाहीत.

परवा भाच्यांनी गोठा पाडला, तिथं पार्किंग होणार आहे. पाडण्याआधी मी नखानं चुन्याचे पापुद्रे खरवडून पाहत होते. आई ओट्यावरून ओरडली, ‘काय खोदतीस गं, भित्त पडायचीच हाय!’ मग तिला सगळा तुकडा वाचून दाखवला. तिनं अण्णांसारखं उठून जायचं टाळलं, शेवटपर्यंत ऐकलं. भावाला शाळेतून काढलं ते ऐकताना म्हणाली, ‘त्या साली म्हस मेली व्हती, त्ये का न्हाई लिवलंस?’ खरंच, म्हैस मेली होती. मला ठाऊक होतं आणि ‘झोंबी’ वाचताना एकदाही आठवलं नव्हतं. मागच्या गल्लीतल्या बाईबद्दल म्हणाली, ‘तिचं नाव घालू नगंस. पोरं मोठी झाल्यात.’

‘नाव नाही घातलं. पण फिटलं होतं का गं खरं?’

‘फिटलं व्हतं म्हन्ले न्हवं!’

पुढं रतीब बंद झाले. दूध डेअरीला जायला लागलं, तिथून ‘गोकुळ’च्या टँकरनं. फॅट लागायची, दर दहा दिवसांनी बिल. हिशेब छापील पुस्तकात, कुणाच्या आठवणीचं काम नाही. सभासद अण्णा, पुस्तकावर नाव अण्णांचं. धार काढणारी, घागर पोचवणारी आणि बोनस किती बसला ते आधी ओळखणारी आई. उलट्या वेलांटीची तिची अक्षरं त्यानंतर मी कुठं पाहिलीच नाहीत. बँकेत पेन्शनला ती सही करते, ती मी शिकवलेली, सुलट वेलांटीची.

वर्ग संपल्यावर सर्टिफिकेट मिळणार आहे, हे भाचीनं आईला सांगितलं. आईनं मोबाइल हातात घेतला, माझा फॉर्म लांब धरून बघितला. आधी माझं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. एकेक अक्षर लावत शेवटपर्यंत गेली.

‘लिवलंस माज्यावर आन् नाव जावयाचं?’

‘तशी पद्धत असते गं, आई.’

‘मग त्येलाच बसीव की क्लासला,’ म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.