पांढऱ्याखालचा हिरवा

आमच्या घरासमोर पत्र्याच्या शेडखाली एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे, १९७८ सालची. मरहूम अब्बांनी ती १९८८ साली सोलापुरातल्याच एका लिंगायत व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. अब्बा गेल्यावर ती बरीच वर्षं नुसती उभी राहिली. दारांच्या खालच्या कडेला गंज धरला, बॉनेटवर रंगाचे पापुद्रे सुटले. गॅरेजवाल्यानं डेंटिंग-पेंटिंगचा जो आकडा सांगितला तो माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःच पॉलिश पेपर हातात घेतला. त्याआधी मी खिडकीचे गजसुद्धा रंगवलेले नव्हते.

पद्मिनीचं आणि सोलापूरचं नातं आहे, ते इथं सांगून टाकतो. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ती बनली त्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापूरचे. १९४४ साली त्यांनी ती कंपनी काढली. इटलीच्या फियाटची ११०० डिलाइट १९६४ पासून तिथं तयार होऊ लागली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचं. ती राणी लोकांना ठाऊक झाली मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या ‘पद्मावत’मधून, हे वर्गात सांगितलं की मुलं एकमेकांकडे बघतात.

तर काम. गाडी रंगवणं म्हणजे गन हातात धरून फवारणं, असं मला वाटायचं. आमच्या मोहल्ल्यात एक जुने पेंटरचाचा आहेत, आता काम करत नाहीत. ते संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे आणि मी घासायचो. पहिल्याच दिवशी म्हणाले, “मास्टर, रंग तो आखरी दिन का काम है. उससे पहले सब घिसाई.” खरंच तसं आहे. गंज लागलेली जागा ८० नंबरच्या पेपरनं चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासायची. जिथं पत्रा कुजून जाळी झाली आहे तिथं पुट्टी भरून भागत नाही, तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. ते मी वेल्डरकडून करून घेतलं. मग प्रायमर, पुट्टी, पुन्हा घासणं, सर्फेसर, पुन्हा घासणं. पेपरचा नंबर चढत जातो, १२०, २२०, ४००, ८००. वरचे नंबर पाण्यात भिजवून मारायचे. त्या काळच्या रंगांत शिसंही असायचं, त्यामुळे जुना थर शक्यतो ओलाच घासावा, तोंडाला मास्क लावून. कोरडी धूळ घरात न्यायची नाही.

पत्रा सपाट झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. चाचा तळहात सपाट ठेवून, दुसरीकडे बघत, दारावरून हळू फिरवायचे आणि एका जागी थांबायचे. “इधर है.” मला तिथं काहीच दिसायचं नाही. मग त्यांनी दाखवलं, सर्फेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासायचं. उंच जागेवरचं काळं निघून जातं, खड्ड्यातलं राहतं. असरनंतरचं तिरपं ऊनही कामाचं, त्यात दाराचा पत्रा पाण्यासारखा हलताना दिसतो. आमच्या बी.एड.च्या दोन्ही सत्रांत इतकी साधी मूल्यमापन पद्धत कुणी शिकवली नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी डाव्या मडगार्डवर पांढऱ्याखालून हिरवा वर आला. यात नवल नव्हतं. गाडी आधी हिरवी होती हे मला आठवतं, मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. डिकीच्या आत, दाराच्या पुठ्ठ्यांमागे ती अजूनही हिरवीच आहे. पोपटी नाही, बाटलीहिरवी नाही, कडुलिंबाचा जून पाला वाळायला लागतो तशी. अब्बा सांगायचे, सोलापूरच्या उन्हात हिरवी गाडी तापते, पांढरी गार राहते, म्हणून रंग बदलला. मीही तीस वर्षं लोकांना तेच सांगत आलो, आणि शास्त्र म्हणून ते बरोबरही आहे.

पण त्या दिवशी चाचा वाकून ते मडगार्ड बघत राहिले. पांढरा थेट हिरव्यावर बसला होता. मध्ये सर्फेसर नाही, नीट घासलेलंसुद्धा नाही. म्हणूनच बॉनेटवर पापुद्रे सुटले होते. मी म्हटलं, “कोणत्या पेंटरनं केलं असेल हे?” ते म्हणाले, “मैंने.” थोडं थांबून म्हणाले, “दो दिन में मंगा था तुम्हारे अब्बाने.”

घरात येऊन मी आरसी बुक काढलं. गाडीचा रंग त्यात लिहिलेला असतो आणि बदलला तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. अब्बा कागदाच्या बाबतीत काटेकोर. नोंद होती: हिरव्याऐवजी पांढरा. तारीख जानेवारी १९९३ ची.

जानेवारीत उन्हाची काळजी कोण करतं? ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली होती. त्यानंतरचे दोन महिने देशभर कसे गेले हे या पानावर येणाऱ्या बहुतेकांना सांगायला नको. अब्बांना विम्याच्या कामासाठी आठवड्यातून तीन दिवस तालुक्यांत जावं लागायचं, एकटं, याच गाडीनं. मी अम्मीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “काच पे का सात सौ छियासी तो एक रात में निकाले थे. रंग को दो दिन लगे.” आणि परत तांदूळ निवडू लागली.

मला त्या व्यापाऱ्याची आठवण झाली. त्यांनी ती गाडी दहा वर्षं वापरली, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नेली, मुलींच्या लग्नात फुलांनी सजवली. त्यांच्याकडे होती तेव्हा ती फक्त हिरवी होती. कुर्ल्यात कुणीतरी डब्यातून ओतलेला एक रंग. आमच्या दारात आल्यावर त्याच रंगाला अर्थ फुटला. जन्नतमधल्या लोकांच्या अंगावर हिरवी वस्त्रं असतील असं कुराणात येतं, पण मुसलमानानं गाडी हिरवी ठेवावी असं कुठं म्हटलेलं नाही. अब्बांनीही ती हिरवी आहे म्हणून घेतली नव्हती, स्वस्त मिळाली म्हणून घेतली होती. त्यांनी रंग बदलला याचा मला राग नाही. चार माणसं पोसणाऱ्याला दोन दिवसांत जे सुचलं ते त्यांनी केलं आणि पुढे आम्हा मुलांना उन्हाचं कारण दिलं. ते कारण किती जपून निवडलं होतं, हे मात्र मला आता कळतं.

मग प्रश्न आला, आता कोणता?

अम्मी म्हणाली, “सफेदच रहने दे, क्या जाता तेरा?” (आमच्या दखनीतला हा ‘च’ मराठीनं दिलेला. व्याकरण शिकवताना मला तो फार उपयोगी पडतो.) मुलगी म्हणाली, हिरवा. चाचांनी धंद्याचं सांगितलं: पांढरा नवशिक्याचा रंग आहे, तो पत्र्याचे दोष पोटात घेतो. गडद रंग एक खड्डा सोडत नाही, सगळं चव्हाट्यावर आणतो. हिरवा करायचा असेल तर अजून आठ दिवस ठोकळा मारावा लागेल. मी आठ दिवस ठोकळा मारला. अम्मीला सांगितलं, आत सगळीकडे हिरवा आहे, बाहेर पांढरा केला तर गाडी दोन रंगांची दिसते. हेही खोटं नव्हतं. आमच्या घरात रंगाची कारणं अशीच दिली जातात.

डिकीच्या झाकणाचा आतला तुकडा दाखवून दुकानातून रंग जुळवून आणला, एनसीचा, ज्याला आपल्याकडे अजून ड्युको म्हणतात. हल्ली सगळे दोन घटकांचा पीयू मारतात, तो टिकाऊ आणि चकचकीत असतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचं दुखवू शकतं आणि साध्या मास्कनं अडत नाही. घरच्या अंगणात, पोरंबाळं असताना, नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. एनसीच्या थिनरलाही काडतुसाचा मास्क, मोकळी हवा आणि आसपास विस्तव नको, हे आहेच. चाचांनी उभी हयात तोंडाला रुमाल बांधून काढली. जिना चढताना ते आता दर चार पायऱ्यांना थांबतात. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आजही रुमालावरच आहेत, त्यातली दोन माझ्या वर्गात होती.

आधी शाळेतल्या मोडक्या लोखंडी कपाटावर सराव केला. गन पत्र्यापासून वीतभर लांब, हात कमानीत न फिरवता सरळ, घोडा दाबण्याआधी हात चालू झालेला, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. आमच्या शेजारी टॉवेलचे माग आहेत, हवेत सतत सुताचं तूस. म्हणून माग बंद असतो तो दिवस धरला, फज्रनंतर अंगणात पाणी मारलं, गाडीच्या काचा वर्तमानपत्रानं झाकल्या. एका हातानंतर पंधरा मिनिटं, मग दुसरा. दुपारपर्यंत चार हात झाले. थंडी कोरडी होती ते बरं. दमट हवेत एनसीवर पांढरट झाक येते आणि या गाडीवर ती यावी अशी माझी अजिबात इच्छा नव्हती.

दोन आठवडे तशीच वाळू दिली, मग १५०० नंबरचा ओला पेपर आणि रबिंग कंपाउंड. खांदे अजून दुखतात. आरटीओत अर्ज दिला. खिडकीतल्या माणसानं जुनी नोंद बघितली आणि विचारलं, “परत हिरवी?” मी म्हटलं, “मूळचा रंग आहे साहेब.” त्यानं तपासणीची तारीख लिहून दिली.

अम्मी रोज सकाळी तुळशीच्या कुंडीला पाणी घालायला बाहेर येते, तेव्हा गाडीला एक फेरी मारते. रंगाबद्दल काही बोललेली नाही. काल फक्त विचारलं, बार्शीला खालाकडे कधी जायचं. बंपर अजून माळ्यावर आहेत, पुढचं एक दार लागताना घासतं आणि कागदावर गाडी अद्याप पांढरीच आहे. तपासणी होऊ दे म्हटलं.