एमजीच्या गावातली काच

ऑक्सफर्डला जाणारे आपले लोक कॉलेजं पाहतात, पुस्तकांची दुकानं पाहतात, दगडी कमानींखाली उभं राहून फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीनं लंडनला परततात. तिथून दक्षिणेला जेमतेम दहा किलोमीटरवर ॲबिंग्डन आहे, तिकडे सहसा कुणी वळत नाही. लेकीचं बिऱ्हाड तिथं नसतं तर आम्ही तरी कशाला वळलो असतो म्हणा!

टेम्स नदीच्या काठचं हे फार जुनं गाव. एकेकाळी इथं श्रीमंत मठ होता. आठव्या हेन्री राजाच्या काळात, १५३८ साली तो बंद झाला आणि आता त्याच्या मोजक्या इमारती आणि बाग उरली आहे. नदीकाठचं सेंट हेलन्स चर्च लांबीपेक्षा रुंदीला जास्त आहे. त्याच्या आवारात १४४६ साली बांधलेल्या म्हाताऱ्यांच्या खोल्यांची लांबलचक ओळ आहे. चौकात सतराव्या शतकातलं दगडी काउंटी हॉल आहे. राजघराण्यात राज्याभिषेकासारखा काही सोहळा असला, की गावचे नगरसेवक त्याच्या गच्चीवर चढून खाली जमलेल्या गर्दीवर गोड पाव फेकतात. २०२३ साली राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकालाही फेकले. आपल्याकडे गोपाळकाल्याला लाह्या-दह्याचा प्रसाद झेलायला गर्दी होते, त्याच जातीचा हा उत्साह.

पण ॲबिंग्डनच्या माणसाला गावाबद्दल विचारा, तो मठाबद्दल बोलणार नाही. तो म्हणेल, ‘एमजी’.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. सायकली दुरुस्त करता करता मोटारींचा कारखानदार झालेल्या विल्यम मॉरिस यांचं ऑक्सफर्डमध्ये गॅरेज होतं. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर चपळ, बसक्या बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि अष्टकोनी बिल्ल्याची एमजी जन्माला आली. १९२९च्या अखेरीस हा व्याप ॲबिंग्डनला, एका कातडी कारखान्याच्या जागेत आला. पुढची पन्नास वर्षं गावातल्या घराघरांतून माणसं तिथं कामाला जात. एमजीबी ही त्यांची सर्वांत गाजलेली गाडी. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर गाड्या बनल्या आणि त्यातल्या कितीतरी जहाजानं अमेरिकेला गेल्या. बॉडी स्विंडनच्या कारखान्यात घडायची, रंगून ॲबिंग्डनला यायची. इथं इंजिन, चाकं नि बाकीचा सरंजाम बसायचा. गंमत म्हणजे एवढ्या नावाजलेल्या कारखान्यात सरकता पट्टा नव्हता. एका टप्प्यावरचं काम झालं, की माणसं गाडी हातानं ढकलून पुढच्या टप्प्यावर नेत.

सप्टेंबर १९७९मध्ये कारखान्याच्या पन्नाशीचे सोहळे आटोपतात न आटोपतात तोच तो बंद करण्याची घोषणा झाली, आणि ऑक्टोबर १९८०मध्ये दारं लागली. एमजी हे नाव आज चिनी कंपनीच्या मालकीचं आहे. २०१९पासून गुजरातमधल्या हालोलला त्या नावाच्या गाड्या बनतात, म्हणून आपल्याकडच्या मुलांना एमजी म्हटलं की उंच, बोजड हेक्टरच आठवते. आमच्या पिढीचं नातं मात्र निराळ्या वाटेनं लागतं. आपली अँबॅसॅडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, ऑक्सफर्डजवळच्या काउलीची. २०१४पर्यंत ती बंगालमध्ये बनत राहिली. जुन्या अँबॅसॅडरचं इंजिन नि एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातलं. एक लग्नाच्या वरातीला जुंपली, दुसरी वाऱ्यावर उधळली, इतकाच फरक.

लेकीच्या शेजारचे गृहस्थ सोळाव्या वर्षी, १९७७ साली या कारखान्यात लागले होते. गाड्या ढकलणं हे त्यांचं पहिलं काम. तीन वर्षांत कारखानाच गेला. त्यांच्याकडे १९७८ची एमजीबी जीटी आहे, पक्क्या छपराची. आपण ढकललेल्यांपैकीच ती असेल का, हे त्यांना ठाऊक नाही, आणि विचारलं तर हसून विषय बदलतात. मूळचा शेंदरी रंग पार उडाला होता. समोरच्या काचेभोवतीचं रबर वाळून कोपऱ्यांत तडकलं होतं आणि त्याच्या खोबणीतली चकचकीत पट्टी वाकून मळकट झाली होती. पाऊस पडला, की पायाखालचा गालिचा ओला.

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी रंगासाठी रक्कम बाजूला काढली होती. तीच रक्कम त्यांच्या पत्नीला नव्या स्वयंपाकघरासाठी हवी होती. तडजोड अशी ठरली होती, की गाडीवर एकदाच खर्च, ठरला तेवढाच. पुढच्या वर्षी ओटा. एका गॅरेजवाल्यानं काच न काढता, रबरावर चिकटपट्टी लावून रंग मारून देतो, म्हणून बराच कमी भाव सांगितला होता. शेजाऱ्यांचं मन तिकडे झुकत चाललं होतं.

आमचे हे दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इंग्रजी बेताचं, पण गाडी दिसली की भाषेचं अडत नाही. त्यांनी कुंपणावरूनच मान हलवली. “काच न काढता रंग? रबराच्या कडेला रंगाची धार राहणार. तिथून पापुद्रा सुटला, की पाणी आत. आणि रबराखाली काय शिजतंय ते दिसलंय कुणाला?” लेकीनं भाषांतर केलं. शेजारी दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सुरी घेऊन आमच्या दारात उभे!

जुनं रबर धारदार सुरीनं कापलं, तशी पट्टी सुटी झाली. मग एकानं आतून दोन्ही तळव्यांनी काच हळूहळू लोटायची, दुसऱ्यानं बाहेरून झेलायची. काच सुखरूप निघाली. पत्रा मात्र सुखरूप नव्हता. वरची कड ठीक, खालच्या उजव्या कोपऱ्यात नुसता तांबूस थर. पण डाव्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आरपार गेला. तडकलेल्या रबरातून झिरपलेलं पाणी उतारानं कोपऱ्यातच साचतं आणि पट्टीच्या आड पत्रा खात राहतं. बाहेरून तिथं रंगाचा एक फुगवटा तेवढा दिसत होता, भातावरच्या बुडबुड्याएवढा.

खर्चाचा आकडा तिथंच वाढला. स्वयंपाकघराचा विषय त्या संध्याकाळी कुंपणापलीकडे बराच वेळ चालला, शब्द कळले नाहीत तरी सूर जगभर सारखाच! शेजाऱ्यांनी यांना विचारलं, भोकात लांबी भरून वेळ मारून नेता येईल का? हे म्हणाले, “गाडी विकायची असेल तर भरा. ठेवायची असेल तर कापा. लांबीला पत्रा म्हणत नाहीत.” पाणी पत्र्याच्या मागून येत असलं, तर लांबी फुगून वरचा नवा रंगही घेऊन येते, हे यांनी बोटांनी करून दाखवलं. अखेर वेल्डिंगवाला आला, सडका तुकडा कापून नवा जोडला, प्रायमर मारला. रंगाची तारीख महिनाभर लांबली.

त्या महिन्यात यांनी आणखी एक हट्ट धरला. नवं रबर नि नवी पट्टी आधीच मागवा, आणि रंगाआधी एकदा नुसतं लावून पाहा. मला हे जादा सोवळं वाटलं होतं. पण पोस्टानं आलेल्या पट्टीचा एक तुकडा कोपऱ्याच्या वळणाला जुळेचना. दुकानदारानं तो मुकाट्यानं बदलून दिला. ताज्या रंगावर ही ओढाताण झाली असती, तर काय ओरखडे उठले असते ते सांगायला नको. या मोठ्या खर्चाच्या कामात खरी अक्कल क्रम लावण्यात आहे. काढणं आधी, गंज आधी, मापं आधी. रंग त्यानंतर, आणि काच सर्वांत शेवटी.

गाडी रंगून आली ती अशी, की गल्लीतली माणसं कुत्र्यांना फिरवता फिरवता थांबू लागली. रंग पुरता कडक व्हावा म्हणून आणखी तीन आठवडे तिला हात लावायचा नाही असं ठरलं. आमचं परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं. त्याआधीचा शेवटचा कोरडा रविवार मुक्रर झाला.

नवं रबर कडक असतं, म्हणून आधी गरम पाण्यात घातलं. टेबलावर घोंगडी पसरून काच ठेवली, तिच्या कडेनं रबर चढवलं, आणि पट्टी तिथंच, साबणाच्या पाण्यानं बुळबुळीत करून खोबणीत दाबली. मग रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून एक बारीक दोरी फिरवली, तिची दोन्ही टोकं खाली मधोमध आणली. काच बाहेरून चौकटीवर टेकवली. हे गाडीत बसले, शेजारी बाहेर. आतून दोरी ओढायची, तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उलटतो. बाहेरच्यानं नेमकं त्याच जागी तळव्यानं दाबत जायचं. एस.टी.च्या काचा यांनी अशाच बसवलेल्या. “हळू, हळू... हां, दाबा आता,” हे मराठीत सांगत होते आणि शेजारी बरोबर तसंच करत होते. डाव्या कोपऱ्यात दोरी अडली. दोघंही थांबले. यांनी थोडं साबणाचं पाणी सोडलं, दोरी तिरकी धरून बोटभर ओढली, आणि ओठ टपकन् आत बसला.

रबराच्या कडेखाली न सुकणारं सीलंट भरून झाल्यावर आत जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि बागेतल्या नळीनं दहा मिनिटं काचेवर पाणी सोडलं. शेजाऱ्यांनी दार उघडून डाव्या कोपऱ्याखालचा कागद आधी काढला, उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता यांच्या हातात दिला. कोरडा ठणठणीत.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन आल्या. कागद पाहिला, गाडी पाहिली, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. मग एप्रनच्या खिशातून मोजपट्टी काढून यांच्यापुढे धरली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं.