देवाचा दिवस

पंढरपुरात दिवस उजाडतो तो सूर्याच्याही आधी, विठ्ठलाच्या मंदिरात. पहाटेच्या अंधारात गाभाऱ्याचे दार उघडते. कापडाची जाड वात तुपात भिजवून चेतवली जाते. हाच काकडा. त्याच्या पिवळ्या उजेडात विटेवर उभी असलेली, कटीवर कर ठेवलेली सावळी मूर्ती दिसू लागते आणि काकड आरतीला आरंभ होतो. देव जागा झाला, म्हणून त्याच्यापुढे लोणी आणि खडीसाखर ठेवतात. लेकरू झोपेतून उठले की आई त्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवते, त्यातलाच हा प्रकार!

मग देवाचे स्नान होते. दूध, दही, तूप, मध आणि साखर ही पाच अमृते पूजेला लागतात. स्नान झाले की वस्त्रे नेसवायची, कपाळी गंध लावायचे, गळ्यात तुळशीची माळ घालायची आणि आरसा दाखवायचा. दुपारच्या आधी महानैवेद्य होतो. दिवस कलला की देवाचे मुख धुऊन त्याला नवा पोशाख करतात. दिवेलागणीला धूपारती होते. रात्री पाय धुऊन शेजारती होते आणि शेजघरापर्यंत पायघड्या अंथरल्या जातात. देव निजला, की मंदिरही निजते. या साऱ्या क्रमाला ‘नित्योपचार’ असे नाव आहे.

एखाद्या चौकस मुलाच्या मनात येईल की, दगडाच्या मूर्तीला भूक कसली आणि झोप कसली? प्रश्न रास्त आहे, आणि भाविकाने त्यावर रागावण्याचे कारण नाही. जगाचा सांभाळ करणाऱ्याला लोण्याच्या गोळ्याची गरज नसते, हे त्यालाही ठाऊक असते. पण प्रेम करायला काहीतरी निमित्त लागते. ज्याला हाक मारता येते, ज्याला जेवू घालता येते, ज्याच्या अंगावर पांघरूण घालता येते, तोच माणसाला आपला वाटतो. विठ्ठल हा वारकऱ्यांचा राजा खरा. पण त्याहून अधिक तो त्यांची माउली आहे, आणि माउलीची विचारपूस रोज करावी लागते.

ही विचारपूस ऋतुमानाप्रमाणे बदलते. उन्हाळा तापू लागला की देवाच्या अंगाला चंदनाची उटी लावतात. थंडी पडली की त्याला उबदार वस्त्रे पांघरतात आणि कानांना कानपट्टी बांधतात. आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या वेळी तर मोठी गंमत होते. लाखो माणसे वाट तुडवत दर्शनाला येतात. इतकी लेकरे दाराशी उभी असताना देवाने झोपावे कसे? म्हणून यात्रेच्या आधी काही दिवस देवाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती थांबते, काकड आरतीही थांबते आणि रात्रंदिवस दर्शन चालू राहते. उभे राहून देव थकेल, म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. लिंबू-साखर लावून पाय चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात आणि रात्री शीण जावा म्हणून काढा देतात. मग पलंग पुन्हा आपल्या जागी येतो. पाहुणे गेल्यावर घरातील वडीलधाऱ्यांची जी काळजी घ्यावी, तीच इथे देवाची घेतली जाते.

या सेवेचे खरे मोल तिच्या नेमात आहे. उत्साह एका दिवसाचा असतो. नेम मात्र पाऊस असो, थंडी असो, चुकत नाही. मार्च २०२० मध्ये साथीच्या रोगामुळे मंदिराचे दार भाविकांसाठी बंद करावे लागले. त्या वर्षीच्या आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात नेहमीची गर्दी नव्हती. तरीही आत काकडा पेटत होता आणि नैवेद्य होत होता. १६ नोव्हेंबर २०२० रोजी दार पुन्हा उघडले, तेव्हा या सेवेचा धागा तुटलेला नव्हता.

पूर्वी ही सेवा घराण्यांत वाटलेली होती. पुजारी पूजा करीत, बेणारी मंत्र म्हणत, परिचारक पाणी आणीत, हरिदास पदे गात, डिंगरे आरसा दाखवीत, दिवटे दिवटी धरीत आणि डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहत. बडवे मंडळींकडे देखरेख असे. कामे नेमकी होती, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पण या सुंदर व्यवस्थेत एक मोठे उणे होते. आत देवाचे इतके लाड चालत असताना त्याची काही लेकरे दाराबाहेरच उभी असत. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा हे मंगळवेढ्याचे. त्यांनी विठ्ठलावर अपार प्रेम केले, अभंग रचले. पण जातीमुळे त्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या जवळ आहे.

चोखोबांनंतर शेकडो वर्षे काकडा रोज पेटत राहिला, आणि दारही तसेच राहिले. मग साने गुरुजी पुढे आले. देवाचे दार सर्वांना उघडावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. त्यांनी कोणावर हात उगारला नाही. स्वतःचा देह मात्र पणाला लावला. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. पुढे १९७३ साली मंदिरासाठी कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वंशपरंपरेच्या हक्कांचा वाद संपला, आणि देवाची पूजा करण्याची वाट इतर जातींतील माणसांना व स्त्रियांनाही मोकळी झाली.

काकडा, नैवेद्य, धूपारती, शेजारती यांचा क्रम मात्र आजही तोच आहे. बदलली ती दर्शनाची रांग. पूर्वी जिथून काही माणसांना परत फिरवीत, तिथूनच आता त्यांची नातवंडे आत जातात, विटेवरच्या पायांवर डोके ठेवतात, आणि मागच्या माणसासाठी जागा करून देत पुढे सरकतात.