बडोद्याची काचेची जमीन

बडोद्याला गेलेले मराठी कुटुंब लक्ष्मीविलास राजवाडा पाहते, मुलांना कमाटीबागेत हिंडवते, लिला चिवडा बांधून घेते आणि संध्याकाळची गाडी गाठते. मांडवीच्या गजबजाटातली सेंट्रल लायब्ररी मात्र बहुतेकांची पाहायची राहते. वाचक हो, ती चुकवू नका! तिथल्या पुस्तकांच्या पोलादी मांडण्यांमधली जमीन चक्क काचेची आहे. पहिले पाऊल टाकताना जीव जरा धास्तावतो. पण काच चांगली जाड आहे. वरचा उजेड तिच्यातून झिरपत खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत उतरतो.

हे ज्यांनी उभारले, ते सयाजीराव १८७५ साली मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. याच राजाने १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटली की अक्षरेही सुटतात, हे त्यांनी ओळखले. शेतावर गेलेला पोरगा पुढे वाचणार काय? म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि कोणीही यावे, फुकट वाचावे, अशी व्यवस्था लावली.

खरी मौज पुढेच आहे. खेड्यातला माणूस बडोद्याला कसा येणार? तेव्हा पुस्तकेच लाकडी पेट्यांत भरून खेड्यांकडे निघाली! नेण्या-आणण्याचा खर्च संस्थानाचा. गावाला स्वतःचे वाचनालय हवे असेल, तर गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची. मग तितकीच रक्कम प्रांत पंचायत घाली आणि तितकीच दरबार. आम्हांला या योजनेतला हा हिशेबीपणाच फार आवडतो. गावाचा पैसा गुंतला, की पुस्तकांवर गावाची नजर राहतेच.

आता मोबाइलवर हवे ते पुस्तक मिळते, असे आमची तरुण मंडळी सांगतात. मिळत असेल. पण अमुक पुस्तक हवे, हे दहा वर्षांच्या मुलाला कळावे कसे? त्यासाठी आधी चार पुस्तके त्याच्या हाताशी असावी लागतात. आमच्या शहरांतल्या नव्या सोसायट्यांच्या माहितीपत्रकात तरणतलाव असतो, व्यायामशाळा असते. वाचनाची खोली मात्र क्वचितच दिसते. वर्गणी म्हणाल, तर ती बडोद्याच्या त्या खेड्यांहून खासच अधिक जमत असेल.