पुरात भिजलेली पिकअप

वाचकहो, धर्मगुरूने मोटारगाडीच्या दुरुस्तीवर लेख लिहावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आम्हालाही वाटते. गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, थोडीफार लॅटिनही शिकलो. पण पाना कोणत्या दिशेने फिरवला असता नट सैल होतो, हे काही आम्हाला कुणी शिकवले नाही. ते शिकण्यासाठी वयाची पन्नाशी ओलांडावी लागली आणि वैनगंगेला पूर यावा लागला.

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी येथे पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले, पाणी अडवले आणि धानाची शेती फुलवली. त्या तलावांना आजही लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि अनेक ठिकाणी गाळ काढायचा कोणी, पाळ दुरुस्त करायची कोणी, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. जी वस्तू सर्वांची असते तिची काळजी बहुधा कोणीच घेत नाही. आमच्या धर्मग्रामाच्या पिकअपची कथा काहीशी अशीच होती.

ही पिकअप आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी जुनी म्हणून विकत घेतली होती. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या परंपरेतली ही गाडी. पुढे दोन-तीन माणसांची जागा, मागे लोखंडी डाला, पोटात चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन. दिसायला ओबडधोबड, परंतु कामाला वाघ. धानाची पोती, शाळेची बाके, मंडपाचे बांबू, सणासुदीची भांडी, सारे तिच्यावरून जाई. रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला तिच्या पुढच्या आसनावर बसवून रुग्णालयात पोहोचवावे लागे, आणि कधी कुणाची शवपेटीही तिच्यातूनच दफनभूमीकडे जाई. गावात असे एकही ख्रिस्ती घर नव्हते की ज्याच्या सुखदुःखाला ही गाडी धावली नाही. तिचे तेल बदलण्याची आठवण मात्र आमच्या तरुण चालकाखेरीज कुणालाच नसे.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा कोपली. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, धरणांतून पाणी सोडावे लागले आणि भंडाऱ्यापासून खाली गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावे जलमय झाली. आम्ही पवित्र वस्तू आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या माडीवर नेण्यात गुंतलो होतो. पिकअप खालच्या शेडमध्ये होती. ती हलवायचे कुणाच्या ध्यानातच आले नाही. चालक स्वतःच्या घरी होता, कारण त्याच्या मातीच्या भिंती कोसळत होत्या. पाणी ओसरले तेव्हा गाडीच्या काचांवर अर्ध्याहून वर गाळाची रेघ उमटली होती. आसनातून पाणी ठिबकत होते आणि दार उघडताच दोन मासोळ्या बाहेर पडल्या.

चालक तिसऱ्या दिवशी आला. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने आम्हाला बजावले, “फादर, सेल्फ नोका मारू जी. आधी पानी काढा लागते. मी घरचं आवरून येतो, मंग पाहू.” एवढे सांगून तो पुन्हा आपल्या पडक्या भिंतीकडे गेला.

आम्ही तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी दुपारी आमचा धीर सुटला. पूरग्रस्तांसाठी धान्य आणि चादरी आणायच्या होत्या. त्या दिवसांत भाड्याची गाडी मिळणे दुरापास्त झाले होते. आपली गाडी अंगणात उभी असताना हात बांधून का बसावे, असे आम्हाला वाटले. शाळेच्या जनित्राची चांगली बॅटरी आम्ही उचलून आणली. तिची तोंडे गाडीच्या पट्ट्यांत नीट बसेनात, म्हणून नाताळच्या ताऱ्याच्या रोषणाईतली थोडी तांब्याची तार काढून ती घट्ट गुंडाळली. मग आसनावर बसून चावी फिरवली.

पहिल्या खेपेस नुसते ‘टक्’ झाले. दुसऱ्या खेपेस इंजिन किंचित हलले. तिसऱ्या खेपेस ते दोन गचके घेऊन क्षणभर पेटले, आणि लगेच आतून खाडकन असा आवाज आला की अंगणातली कबुतरे उडाली. त्यानंतर इंजिन जागचे हलेना. आम्ही तार काढली, बॅटरी जागेवर नेऊन ठेवली आणि हात धुतले. हे कुणीही पाहिले नव्हते.

पुढे कळले ते येथेच सांगतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याची खुबी अशी की त्यात ठिणगीची गरजच नसते. सिलिंडरमधली हवा सुमारे १८ ते २० पट दाबली की ती इतकी तापते की तीवर फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा दाबली जाते. पाणी मात्र दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असताना इंजिन फिरवले, तर वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर दगडावर आपटावा तसा आपटतो आणि त्याला धरून ठेवणारा पोलादी रॉड वाकतो. पाण्यात बुडालेली गाडी सुरू न करता उघडली, नोझल काढून पाणी बाहेर घालवले, तेले बदलली, तर ती पुष्कळदा वाचते. चालकाचे सांगणे ते हेच होते.

गाडी ओढून महामार्गावरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तेथील वृद्ध मिस्त्रींना सारे ‘चाचा’ म्हणतात. पूर्वी ६ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांक धारण करणारा हा राष्ट्रीय महामार्ग हीच त्यांची पाठशाळा. चाचांनी तेलाची तोटी उघडली तेव्हा काळ्या तेलाऐवजी दुधाळ चहासारखा द्रव वाहू लागला. हेड उतरले, दट्ट्ये बाहेर निघाले. दोन रॉड वाकलेले होते. चाचांनी एक रॉड उजेडात धरला आणि म्हटले, “हा पुराने नाही वाकला, फादरसाहेब. कुणीतरी सेल्फ मारला.”

चालक शेजारीच उभा होता. धर्मग्राम समितीचे दोघे सभासदही होते. आम्ही म्हणालो, “मारला असेल कुणीतरी.”

ही तीन शब्दांची गोष्ट. व्याकरणाच्या दृष्टीने तीत असत्यही नव्हते. परंतु त्या क्षणी सर्वांची दृष्टी चालकाकडे वळली, ती आम्हाला दिसली, आणि आम्ही ती वळू दिली.

त्यानंतरचे दोन महिने कठीण गेले. सप्टेंबरमध्ये नागपुरात करोनाच्या पहिल्या लाटेने कहर केला होता; सुटे भाग मिळेनात. फ्यूल पंप आणि नोझल तपासणीसाठी नागपूरला पाठवले, ते तीन आठवडे परतलेच नाहीत. एका दुकानदाराने नवा म्हणून दिलेला रॉड दुसऱ्याच इंजिनाचा निघाला. वायरिंग उंदरांनी कुरतडले होते. ब्रेकच्या ड्रममध्ये गाळ सिमेंटासारखा घट्ट बसला होता. चाकांच्या बेअरिंगमधून ग्रीसऐवजी रेती निघाली. डाल्याचा पत्रा ठोकून पाहावा तर हातोडी आरपार जाई. एक काम संपले की त्याखालून दुसरी दोन डोके वर काढीत. विमा केवळ तिसऱ्या पक्षापुरता होता, त्यामुळे तिकडून एक रुपयाही मिळणार नव्हता. ‘कबाड्याला देऊन टाका’ असे सांगणारे पुष्कळ भेटले.

ऑक्टोबरमध्ये समितीची सभा व्हरांड्यात, अंतर राखून भरली. खर्चाचा अंदाज सव्वा लाखाच्या घरात गेला होता. एका सभासदाने स्पष्टच विचारले, की ज्याच्या निष्काळजीपणाने इंजिन गेले त्याच्या पगारातून काही रक्कम का कापू नये? चालक दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याच्या घराला अजून एक भिंत नव्हती. तेथे ताडपत्री लावली होती. तो काहीच बोलला नाही. आम्ही एवढेच म्हणालो, की हा विषय पुढील सभेत घेऊ. घरात येऊन प्रार्थनेचे पुस्तक उघडले, पण डोळे ओळींवर ठरेनात. वर्षानुवर्षे जाळीच्या पलीकडे बसून आम्ही लोकांना सांगत आलो आहोत, की दोष कबूल करताना ‘परंतु’ हा शब्द लावू नका. त्या रात्री आमच्या मनात ‘परंतु’खेरीज दुसरा शब्द नव्हता. परंतु हेतू चांगला होता. परंतु धान्य आणायचे होते. परंतु धर्मगुरूचा मान राहिला पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही चालकाला बोलावून सारे सांगितले. तो खाली पाहत म्हणाला, “मले मालूम होतं जी फादर. बॅटरीच्या पट्टीत ताऱ्याची तार अडकून होती. मीच काढली.” त्याने ती तार चाचांच्या आधीच काढून खिशात घातली होती. आम्ही विचारले, “मग बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “तुम्ही बोलान असं वाटलं.”

या उत्तरापुढे आमच्यापाशी शब्द नव्हते. त्याने आमची वाट पाहिली होती, आणि आम्ही त्याला आठवडे मोजायला लावले होते.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याच्या दिवशी, राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्साच्या शेवटी सूचना वाचून झाल्यावर आम्ही उभे राहिलो आणि जे झाले ते सांगितले: चालकाने बजावले होते, आम्ही ऐकले नाही, चावी आम्ही फिरवली, आणि नंतर दुसऱ्याकडे बोट जाऊ दिले. दोन रॉड आणि त्यांच्या मजुरीचा खर्च आमच्या मानधनातून दरमहा वळता करावा, असेही सांगितले. मंदिरात शांतता पसरली. पगारकपातीची सूचना करणाऱ्या सभासदाने बाहेर पडताच चालकाचा हात धरला. दुसरे एक सद्‌गृहस्थ मात्र पुढे कित्येक महिने आमच्याशी मोजकेच बोलत होते. धर्मगुरूने अशा गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत, असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गॅरेजमध्ये आम्ही एकटे नव्हतो. वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण डाल्याचे माप घेत होता. शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीने आसनांची खोळ नेली. चार मुले काचकागद घेऊन गंज घासू लागली. आम्हाला चाचांनी ब्रेकच्या ड्रममधला गाळ खरवडण्याचे काम दिले. त्याहून वरचे काम आमच्या योग्यतेचे नाही, असे ते हसत म्हणाले. आम्ही ते तीन दिवस केले. नखांतली काजळी रविवारीही पुरती निघाली नव्हती.

लेथवरून ब्लॉक परत आला, नवे रॉड बसले, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळले गेले. एकदम एक नट पुरता आवळला तर हेड वाकडे बसते, हे चाचांनी आम्हाला समजावून दिले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नळ्यांतील हवा काढण्याचे काम झाले. हातपंप दाबत राहायचे, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत. मग चाचांनी चावी आमच्यापुढे धरली. आम्ही ती चालकाकडे दिली.

पहिल्या खेपेस इंजिन पेटले नाही. दुसऱ्या खेपेस खोकले. तिसऱ्या खेपेस भरपूर पांढरा धूर सोडून ते सुरू झाले, आणि हळूहळू त्याचा आवाज एकसारखा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाचा कान देऊन उभे होते; दोन मिनिटांनी त्यांनी मान हलवली आणि हात पुसायला फडके मागितले.

पहिली फेरी एका विधवा भगिनीच्या धानाची झाली. पोती खरेदी केंद्रावर न्यायची होती. गाडी अजूनही चढावर धापा टाकते, उजवे दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही, आणि पावसाळ्यात आसनांना नदीच्या गाळाचा वास येतो. परंतु तिच्या तेलाची तारीख आता मंदिराच्या फलकावर लिहिलेली असते, आणि आषाढात नदी फुगू लागली की कुणी ना कुणी न सांगता येऊन ती शाळेजवळच्या उंचवट्यावर नेऊन उभी करतो.

वाचकहो, आपल्या दारची गाडी कधी पाण्यात बुडाली, तर चावीला हात लावू नका. आधी जाणत्याला बोलवा. आणि लावलाच, तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. दोन महिने थांबण्याचे मोल दोन रॉडांच्या किमतीहून कितीतरी अधिक असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. त्या वर्षीचा नाताळचा तारा लावताना तार थोडी अपुरी पडली. चालकाने खिशातून एक तुकडा काढला, जोडला, आणि काही न बोलता शिडी धरून उभा राहिला.